विश्लेषण : लाडक्या कर्णधाराला निरोप देणं क्लबना का जमत नाही? टोटी, दे रॉसी आणि रोमाच्या दोन संध्याकाळी

मे महिना संपत आला की युरोपातल्या फुटबॉल लीगही संपतात आणि मोबाइलवर एकाच प्रकारचे व्हिडीओ फिरायला लागतात. सामना संपलाय, पण स्टेडियममधून कुणी हललेलं नाही. मैदानात एक खेळाडू आपल्या लहान मुलांचा हात धरून फेरी मारतोय आणि पन्नाशीतले पुरुष गळ्यातल्या मफलरने डोळे पुसतायत. ज्यांना फुटबॉलमधलं फारसं कळत नाही तेही हे व्हिडीओ शेवटपर्यंत बघतात. मग प्रश्न पडतो की एवढं काय झालं? करार संपला, माणूस निवृत्त झाला. यात रडण्यासारखं काय आहे?

याचं उत्तर शोधायला इटलीतल्या एएस रोमा या क्लबसारखं दुसरं ठिकाण नाही. अवघ्या दोन वर्षांच्या अंतराने या क्लबने आपले दोन कर्णधार गमावले. दोघेही रोम शहरात जन्मलेले आणि क्लबच्याच युवा संघांतून वर आलेले. एकाचा निरोप आजही जगातला सर्वात हृद्य निरोप म्हणून दाखवला जातो. दुसऱ्याच्या वेळी चाहते क्लबच्या मालकाविरुद्ध घोषणा देत होते. आणि ज्याला हृद्य म्हणतात, तोही वरून दिसतो तितका गोड नव्हता.

२८ मे २०१७ : नेमकं काय घडलं?

रोमाचा हंगामातला शेवटचा सामना जेनोआविरुद्ध होता. तो नुसता निरोपाचा सामना नव्हता, ही गोष्ट आज लोक विसरतात. रोमाला दुसरं स्थान टिकवायचं होतं. ते टिकलं तर चॅम्पियन्स लीगमध्ये थेट प्रवेश होता आणि नेपोली अगदी मानेवर बसलेला होता. म्हणजे रडायचं की गुण मोजायचे, हे प्रेक्षकांना दोन तास ठरवताच आलं नाही.

तिसऱ्याच मिनिटाला जेनोआने गोल केला. करणारा पिएत्रो पेलेग्री हा १६ वर्षांचा मुलगा होता. त्याचा जन्म २००१चा, म्हणजे टोटीच्या नेतृत्वाखाली रोमाने इटलीचं विजेतेपद मिळवलं त्याच वर्षीचा. आणि फ्रान्सेस्को टोटीने मार्च १९९३ मध्ये रोमाकडून पहिला सामना खेळला तेव्हा तोही १६ वर्षांचाच होता. एखाद्या पटकथाकाराने असं लिहिलं असतं तर निर्मात्याने खोडून टाकलं असतं.

एडिन झेकोने बरोबरी साधली. दुसऱ्या सत्रात ५४व्या मिनिटाला टोटी मैदानात उतरला. तो ज्याच्या जागी आला त्याचं नाव मोहम्मद सलाह. गंमत म्हणजे सलाहचाही तो रोमासाठीचा शेवटचा सामना ठरला, काही आठवड्यांत तो लिव्हरपूलला गेला. त्या संध्याकाळी त्याच्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. पुढे डॅनिएल दे रॉसीने गोल केला, जेनोआने पुन्हा बरोबरी साधली आणि ९०व्या मिनिटाला दिएगो पेरोत्तीने ३-२ केलं. रोमा दुसऱ्या स्थानी राहिला. नेपोली फक्त एका गुणाने मागे राहिला.

मग टोटीने हातात कागद घेतला. रोमासाठी ७८६ सामने आणि ३०७ गोल, २५ हंगाम, एकच क्लब. पण त्याने भाषणात आकडे सांगितले नाहीत. त्याने सांगितलं की आपल्याला भीती वाटतेय. पेनल्टी मारायच्या आधी वाटते तशी ही भीती नव्हे, असंही तो म्हणाला, कारण यावेळी जाळीच्या भोकांतून पलीकडचं काही दिसत नाहीये. चाळीस वर्षांचा, विश्वचषक जिंकलेला माणूस भरलेल्या स्टेडियमसमोर हे बोलत होता. शेवटी त्याने कर्णधाराची पट्टी क्लबच्या सर्वात लहान वयोगटाच्या संघातल्या कर्णधाराच्या, एका छोट्या मुलाच्या दंडावर बांधली.

मराठी वाचकाला हे दृश्य ओळखीचं वाटेल. १६ नोव्हेंबर २०१३ रोजी वानखेडेवर सचिन तेंडुलकरही असाच कागदावरची नावं बघत बोलला होता. त्याचंही पदार्पण १६व्या वर्षी झालं होतं, तोही चाळिशीत निवृत्त झाला आणि शेवटचा सामना घरच्या मैदानावरच खेळला. पण एक फरक आहे. सचिन देशाचा होता, टोटी एका शहराचा. मिलान किंवा तुरिनमधल्या माणसाला तो आपला वाटण्याचं कारण नव्हतं. तरीही त्याच महिन्यात सॅन सिरोवर मिलानच्या चाहत्यांनी त्याला मान देणारा फलक झळकवला होता.

गोड निरोपामागची कडू बाजू

त्याच सॅन सिरोवर रोमा मोठ्या फरकाने जिंकत असूनही प्रशिक्षक लुसियानो स्पॅलेटी यांनी टोटीला काही मिनिटांसाठीसुद्धा उतरवलं नव्हतं. दोघांतला तणाव जुना होता. फेब्रुवारी २०१६ मध्ये टोटीने एका टीव्ही मुलाखतीत नाराजी बोलून दाखवली आणि स्पॅलेटींनी त्याला संघाच्या शिबिरातून थेट घरी पाठवलं. दोनच महिन्यांनी, एप्रिलमध्ये, तोरिनोविरुद्ध रोमा १-२ने मागे असताना टोटी ८६व्या मिनिटाला आला, दोन गोल केले आणि सामना जिंकून दिला.

यात चूक कोणाची? चाहत्यांना विचारलं तर उत्तर एका सेकंदात मिळेल. निरोपाच्या दिवशी स्पॅलेटींचा चेहरा पडद्यावर दिसला की शिट्ट्या वाजत होत्या. पण थोडं शांतपणे पाहिलं तर स्पॅलेटींच्या संघाने त्या हंगामात ८७ गुण मिळवले. चाळिशीच्या खेळाडूला ९० मिनिटं खेळवून ते मिळाले नसते. प्रशिक्षकाचं काम सामने जिंकणं आहे, सत्कार समारंभ भरवणं नाही. गडबड वेगळीच होती. टोटीची ही शेवटची मोसमी फेरी आहे, हे क्लबच्या बाजूने जाहीरपणे सांगितलं ते नुकतेच रुजू झालेले क्रीडा संचालक मोन्ची यांनी, मे महिन्याच्या सुरुवातीला, स्वतःच्या स्वागताच्या पत्रकार परिषदेत. पंचवीस वर्षं क्लबसाठी खेळलेल्या माणसाची निवृत्ती आठवड्याभरापूर्वी आलेल्या अधिकाऱ्याच्या तोंडून! एखाद्या कार्यालयात चाळीस वर्षं काम केलेल्या काकांच्या निवृत्तीची नोटीस नव्या मॅनेजरने लिफ्टमध्ये चिकटवावी, तसंच हे.

चाहते इतके का गुंततात?

फुटबॉल क्लबचे चाहते म्हणजे केवळ तिकीट काढणारे ग्राहक, असं क्लबच्या ताळेबंदात दिसतं. स्टेडियममध्ये तसं दिसत नाही. रोमात खेळाडू येतात आणि जातात. प्रशिक्षक तर वर्षाला बदलतात, आणि २०११ पासून मालकही अमेरिकन आहेत. या सगळ्यात जो बदलत नाही त्याच्यावर लोक आपली सगळी ओळख टांगतात. दक्षिण बाजूच्या गॅलरीत, कुर्वा सूदमध्ये, वडिलांच्या खांद्यावर बसून ज्याने टोटीचा पहिला गोल पाहिला, तो शेवटच्या सामन्याला स्वतःच्या मुलाला खांद्यावर घेऊन आला होता. तो रडतो तेव्हा टोटीबरोबर स्वतःच्या गेलेल्या पंचवीस वर्षांसाठीही रडत असतो.

कोल्हापूरकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम, दिलबहार, शिवाजी तरुण मंडळ किंवा खंडोबा तालमीचा सामना असतो तेव्हा मैदानावर पेठ उतरलेली असते. गल्लीत वाढलेला पोरगा तालमीच्या जर्सीत खेळतो, तेव्हा त्याच्याशी नातं खेळाडू आणि प्रेक्षकाचं उरत नाही. टोटी आणि दे रॉसी रोमसाठी तसे होते. दे रॉसीचे तर वडीलही क्लबच्या युवा संघाचे प्रशिक्षक होते.

शिवाय ही जात दुर्मीळ होत चालली आहे. डिसेंबर १९९५ मध्ये युरोपीय न्यायालयाने बेल्जियन खेळाडू ज्याँ-मार्क बॉसमन याच्या खटल्यात निकाल दिला आणि करार संपलेल्या खेळाडूला अडवून ठेवण्याचा, त्याच्यासाठी पैसे मागण्याचा क्लबचा हक्क संपला. खेळाडूंसाठी ही सुटकाच होती आणि ती योग्यच होती. पण त्यामुळे एकाच क्लबमध्ये थांबणं ही सक्ती राहिली नाही, ती निवड झाली. रिअल माद्रिदसारखा क्लब मागे असताना टोटी थांबला म्हणूनच चाहते त्याला एवढं मानतात.

२०१९ : दे रॉसीच्या वेळी संताप का झाला?

टोटीनंतर पट्टी दे रॉसीकडे गेली. त्याला वर्षानुवर्षं 'भावी कर्णधार' म्हणूनच हाक मारली जायची. युवराजपद भोगता भोगता केस पिकलेला युवराज, असं म्हणायला हरकत नाही. त्याला कर्णधारपद मिळालं तेव्हा तो चौतिशीला टेकला होता आणि ते टिकलं दोनच हंगाम.

१४ मे २०१९ रोजी क्लबने जाहीर केलं की दे रॉसीचा करार वाढवला जाणार नाही. शेवटचा सामना २६ मेला होता. म्हणजे १८ हंगाम आणि ६१६ सामने खेळलेल्या माणसाला निरोप द्यायला चाहत्यांच्या हातात १२ दिवस होते. पत्रकार परिषदेत दे रॉसी क्लबच्या अधिकाऱ्याशेजारीच बसला होता. आपल्याला अजून खेळायचं आहे, हे त्याने लपवलं नाही. आपण स्वतः संचालक असतो तर आपल्यासारख्या खेळाडूचा करार वाढवला असता, असंही तो म्हणाला. वर्षभरात क्लबने त्याच्याशी या विषयावर फारसं बोलणं केलेलं नव्हतं, हेही त्याच्या बोलण्यातून कळलं. क्लबने देऊ केलेलं कार्यालयातलं पद त्याने नाकारलं.

चाहते क्लबच्या त्रिगोरिया इथल्या सराव केंद्रावर धडकले. मालक जेम्स पालोटा यांच्याविरुद्ध फलक लागले. निरोपाच्या सामन्यात पाऊस पडत होता. बाकावर हंगामी प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी होते. तेही रोमचेच, लहानपणापासून रोमाचेच चाहते. त्यांचेही डोळे पाणावले होते. पार्माविरुद्ध रोमा २-१ने जिंकला आणि ८९व्या मिनिटाला विजयी गोल करणारा पुन्हा तोच, पेरोत्ती. दोन कर्णधारांच्या दोन निरोपांचे दोन्ही विजयी गोल एका अर्जेंटिनाच्या खेळाडूच्या नावावर आहेत. सामान्यज्ञानाच्या स्पर्धेत विचारायला हा प्रश्न चांगला आहे.

आता खेळाच्या हिशेबाने बघू. दे रॉसी ३५ वर्षांचा होता, दुखापतींनी बेजार होता. रोमा त्या हंगामात सहावा आला, म्हणजे चॅम्पियन्स लीगचे पैसे गेले. अशा वेळी वयस्क खेळाडूचा पगार वाचवणं हा निर्णय चुकीचा नव्हता, आणि चाहत्यांनाही हे मनातून माहीत असतं. करार ३० जूनला संपतो हे तर सगळ्यांनाच माहीत होतं. मग क्लबचं चुकलं काय? ऑक्टोबरमध्ये किंवा निदान जानेवारीत त्याला बोलावून सरळ सांगता आलं असतं. तो चाहत्यांना सांगू शकला असता. प्रत्येक मैदानावर त्याला शेवटचं खेळता आलं असतं. मूल्य एका फोनचं होतं, तेवढाही केला गेला नाही. हे कंजूसपणाचं नव्हे, धैर्याच्या अभावाचं लक्षण आहे. कटू गोष्ट तोंडावर सांगायचं टाळायचं आणि मग ती आपोआप घडल्यासारखी दाखवायची.

दे रॉसीचा निरोप होऊन महिना व्हायच्या आत, १७ जून २०१९ रोजी, टोटीनेही क्लबमधलं संचालकपद सोडलं. आपल्याला निर्णयांत कधी खऱ्या अर्थाने सामील करून घेतलंच नाही, हा त्याचा आरोप होता. निरोपाच्या दिवशी त्याला जी भीती वाटत होती ती खरी ठरायला दोन वर्षं लागली.

ही रोमाची जुनीच खोड

अगोस्तिनो दी बार्तोलोमेई हे नाव भारतात फारसं कुणाला माहीत नाही. रोममध्ये ते उच्चारताना आवाज खाली येतो. १९८३ मध्ये रोमाने विजेतेपद जिंकलं तेव्हाचा हा कर्णधार, रोमचाच मुलगा. ३० मे १९८४ रोजी युरोपियन कपचा अंतिम सामना रोमाच्या स्वतःच्या मैदानावर झाला आणि पेनल्टी शूटआउटमध्ये लिव्हरपूल जिंकला. दी बार्तोलोमेईने त्याची पेनल्टी जाळीत मारली होती. तरी त्याच उन्हाळ्यात त्याला मिलानला जावं लागलं. कुर्वामधल्या एका फलकाचा आशय असा होता, की तुझ्याकडून रोमा काढून घेतली, पण तुझी गॅलरी कुणी काढून घेतलेली नाही. पुढे मिलानकडून खेळताना त्याने रोमाविरुद्ध गोल केला आणि तो त्वेषाने साजरा केला, तेव्हा त्याच रोमकरांना ते लागलंही.

निवृत्तीनंतर त्याला फुटबॉलमध्ये पाय रोवता आले नाहीत. ३० मे १९९४ रोजी, त्या अंतिम सामन्याला बरोबर दहा वर्षं झाली त्या दिवशी, त्याने आयुष्य संपवलं. तो ३९ वर्षांचा होता. अशा मृत्यूला एकच कारण चिकटवणं चुकीचं आहे आणि क्लबवर त्याचं खापर फोडणंही. पण टोटी जेव्हा जाळीपलीकडचं दिसत नाही म्हणाला, तेव्हा रोममधल्या वयस्क चाहत्यांना कोण आठवलं असेल, हे सांगायला नको.

त्याच्यानंतरचा लाडका कर्णधार जुझेप्पे जानिनी. टोटीचा हा लहानपणीचा आदर्श. तो १९९६ मध्ये ऑस्ट्रियातल्या क्लबकडे गेला. २००० च्या मे महिन्यात त्याच्यासाठी खास निरोपाचा सामना ठेवला, पण तीनच दिवसांपूर्वी शहरातला कट्टर प्रतिस्पर्धी लॅझिओ इटलीचा विजेता झाला होता. रोमाचे चिडलेले चाहते मैदानात घुसले, गवत उपटलं, सामना अर्धवट राहिला. म्हणजे निरोपाचा विचका फक्त क्लबच करतात असं नाही. चाहतेही त्यात मागे नसतात, आणि तेव्हा त्यांना कर्णधारापेक्षा स्वतःचा राग मोठा वाटतो.

मालकी चाहत्यांकडे असेल तर फरक पडतो का?

थोडा पडतो, पण वाटतो तितका नाही. रोमाच्या चाहत्याला मतदानाचा हक्क नाही, म्हणून फलक आणि शिट्टी हीच त्याची मतपत्रिका. बार्सिलोनात सदस्य अध्यक्ष निवडतात. तिथे २०१८ मध्ये आंद्रेस इनिएस्ताला उत्तम निरोप मिळाला. तीन आठवडे आधी जाहीर झालं होतं, शेवटचा सामना झाला आणि मध्यरात्रीनंतर रिकाम्या कॅम्प नोऊच्या मधोमध तो अनवाणी एकटाच बसलेला जगाने पाहिला. तीनच वर्षांनी त्याच क्लबचा कर्णधार लिओनेल मेस्सी एका सभागृहात, व्यासपीठावर रुमालाने डोळे पुसत उभा होता. क्लबची आर्थिक घडी इतकी विस्कटली होती की लीगच्या वेतनमर्यादेत त्याचा करार बसवता आला नाही. समोर एकही सामान्य प्रेक्षक नव्हता.

लिव्हरपूलने स्टीव्हन जेरार्डच्या वेळी निदान वेळ दिला. जानेवारी २०१५ मध्येच त्याचं जाणं जाहीर झालं आणि मे महिन्यापर्यंत अ‍ॅनफिल्डला तयारी करता आली. संघ त्या दिवशी क्रिस्टल पॅलेसकडून १-३ने हरला. पुढच्या आठवड्यातल्या त्याच्या अखेरच्या सामन्यात स्टोककडून १-६ने मार खाल्ला. त्यातला एकमेव गोल जेरार्डचा. निकाल कुणी लक्षात ठेवत नाही, आपल्याला निरोप द्यायला मिळाला हे लक्षात राहतं.

आपल्याकडेही याची चव नुकतीच घेऊन झाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये मुंबई इंडियन्सने पाच विजेतेपदं मिळवून देणाऱ्या रोहित शर्माऐवजी हार्दिक पांड्याला कर्णधार केलं आणि पुढच्या आयपीएलमध्ये खुद्द वानखेडेवर मुंबईच्या कर्णधाराचीच हुर्यो उडवली गेली. रोहित तर संघ सोडूनही गेला नव्हता. रोममधला चाहता हे ऐकून हसेल आणि म्हणेल, या, बसा.

पुढे काय झालं?

दे रॉसीनंतर दोन वर्षांच्या आत रोमाच्या कर्णधाराची पट्टी फ्लोरेन्झी, झेको आणि पेलेग्रिनी अशा तीन दंडांवर फिरली. दे रॉसी स्वतः जानेवारी २०२४ मध्ये प्रशिक्षक म्हणून परतला. क्लबची मालकी तोवर बदलली होती. काही महिन्यांत त्याला २०२७ पर्यंतचा करार मिळाला आणि सप्टेंबरमध्ये, हंगामातले चार लीग सामने होताच, काढून टाकलं गेलं. पुन्हा तेच त्रिगोरिया, तेच फलक. यावेळी संताप इतका होता की काही दिवसांतच क्लबच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांनी राजीनामा दिला. एकाच माणसाला एकाच क्लबने दोनदा वाईट निरोप देण्याचा हा विक्रम मोडणं अवघड आहे.

मात्र या दोन निरोपांच्या मध्ये एक छोटीशी गोष्ट घडली होती. २०१९ मध्ये रोमा सोडल्यावर दे रॉसी अर्जेंटिनातल्या बोका ज्युनियर्सकडे गेला आणि सहा महिन्यांत निवृत्त झाला. जानेवारी २०२० मध्ये ऑलिम्पिको स्टेडियमवर रोमा विरुद्ध लॅझिओ सामना होता. खेळाडू असल्यामुळे इतकी वर्षं त्याला जे कधी करता आलं नव्हतं ते त्याने त्या दिवशी केलं. रंगभूषाकारांकडून चेहरा बदलून घेतला, म्हाताऱ्यासारखा वेष केला आणि कुर्वा सूदमध्ये इतर चाहत्यांच्या गर्दीत जाऊन उभा राहिला. आजूबाजूच्या कुणालाही कळलं नाही. त्याच्या पत्नीने नंतर व्हिडीओ टाकला तेव्हा शहराला समजलं की आपल्या शेजारी ओरडणारा तो दाढीवाला कोण होता. सामना १-१ असा सुटला.